सुईण, परिचारिका आणि कायदा : रेणापूर परिसरातील प्रसूतिसेवेची वाटचाल

संस्थेचा इतिहास म्हटला की पायाभरणी, इमारत, खाटा, अधिकारी आणि अनुदान यांची नोंद येते. रेणापूर परिसरातील प्रसूतिसेवेचा इतिहास एवढ्याने सांगून होत नाही. तिची सुरुवात कोणत्याही कोनशिलेच्या कितीतरी आधीची आहे. गावोगावच्या सुईणींनी ती पिढ्यान्‌पिढ्या चालवली. पुढे उपकेंद्राची परिचारिका आली, प्राथमिक आरोग्य केंद्र आले, ग्रामीण रुग्णालय आले आणि अडलेल्या बाईला लातूरला किंवा अंबाजोगाईला पोचवणारी गाडी आली. या सगळ्या साखळीला मिळून इथे संस्था म्हटले आहे. तिची वाटचाल नीट पाहिली तर एक गोष्ट दिसते आणि तीच या लेखात मांडायची आहे: बाळंतपणातली सुरक्षितता आणि बाईचा स्वतःच्या शरीराविषयीचा निर्णय या दोन गोष्टी एकमेकींपासून तोडता येत नाहीत. जिथे निर्णय तिच्या हातून काढून घेतला गेला तिथे तिची प्रकृती बिघडली आणि अनेकदा तिचा जीवही गेला. जिथे तिला विश्वासाची, शिकलेली बाई जवळ मिळाली तिथे जीव वाचले. आधी जीव वाचवू, हक्कांचे नंतर पाहू, असे जे नेहमी सांगितले जाते ते म्हणूनच या इतिहासाशी जुळत नाही.

सुईणीचा काळ

रेणापूर १९४८पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. वैद्यकीय सोयी शहरांभोवती एकवटलेल्या होत्या आणि खेड्यातले बाळंतपण सुईणीच्या हाती होते. बऱ्याच गावांत हे काम दलित आणि इतर कष्टकरी जातींतल्या बायका करत. नाळ कापणे, वार पुरणे, बाळंतिणीचे आणि बाळाचे अंग चोळणे, रक्ताने भरलेले कपडे धुणे, हे सगळे त्यांच्याकडे असे. मोबदला म्हणून थोडे धान्य, एखादे लुगडे किंवा खण. ज्या हातांनी मूल जगात येई त्याच हातांचा विटाळ मानला जाई. कळांचा अंदाज घेणे, पहिलटकरणीला धीर देणे, तिला चालते-फिरते ठेवणे, घाई न करणे ही कसबे सुईणीकडे होती आणि आजच्या प्रसूतिशास्त्रानेही त्यांतली बरीचशी योग्य ठरवली आहेत. पण तिच्या मर्यादाही जीवघेण्या होत्या. रक्तस्राव थांबेना, वार पडेना, झटके आले, मूल आडवे आले, तर तिच्याकडे उपाय नव्हता. १९४६ साली आरोग्यसेवेची पाहणी करणाऱ्या भोर समितीने देशातील मातामृत्यूंचा अंदाज दर हजार जिवंत जन्मांमागे सुमारे २० असा दिला होता; म्हणजे वर्षाला सुमारे दोन लाख बायका. त्या काळाचे गोडवे गाण्याचे काहीही कारण नाही. मात्र एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. सुईण गावातलीच होती, बाईची भाषा बोलत होती, तिच्या अडचणी जाणत होती आणि तिचे गुपित सांभाळत होती. नको असलेला गर्भ, विधवेला गेलेले दिवस, मार खाणारी पोटुशी सून, हे सगळे आधी तिच्यापाशी येई. पुढच्या व्यवस्थेने सुईणीच्या अज्ञानावर उपाय शोधला, पण तिच्या या जवळिकीची जागा कोणी घ्यायची हे मात्र ठरवले नाही.

स्वातंत्र्यानंतर २ ऑक्टोबर १९५२ रोजी सुरू झालेल्या सामूहिक विकास कार्यक्रमातून देशभर प्राथमिक आरोग्य केंद्रे उभी राहू लागली. मराठवाडा १९५६मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६०मध्ये महाराष्ट्रात आला. सत्तरच्या दशकात कर्तारसिंग समितीच्या शिफारशींनंतर प्रसाविकेची जागा बहुउद्देशीय आरोग्य सेविकेने घेतली. सपाटीच्या भागात ५,००० लोकसंख्येला एक उपकेंद्र आणि ३०,००० लोकसंख्येला एक प्राथमिक आरोग्य केंद्र, हे प्रमाण पुढे रूढ झाले. लातूर जिल्हा १६ ऑगस्ट १९८२ रोजी उस्मानाबादपासून वेगळा झाला आणि नंतर रेणापूर स्वतंत्र तालुका झाला. कारभार जवळ आला तसा दवाखानाही जवळ आला. याच काळात सुईणींना प्रशिक्षण देण्याची योजना राबवली गेली. हात स्वच्छ, जागा स्वच्छ, ब्लेड स्वच्छ, नाळ बांधायचा दोरा स्वच्छ आणि नाळेला काहीही न लावणे, हे पाच नियम त्यांना शिकवले गेले. गरोदर बाईला धनुर्वाताची लस देण्याच्या मोहिमेला या साध्या नियमांची जोड मिळाली. नाळ विळ्याने कापल्यामुळे आठ-दहा दिवसांचे मूल आचके देत जाणे ही खेड्यात नेहमीची गोष्ट होती. २०१५ साली भारत माता व नवजात धनुर्वातापासून मुक्त झाल्याचे जाहीर झाले. या यशात गावच्या सुईणीचा आणि सायकलवर किंवा पायी फिरणाऱ्या नर्सबाईचा वाटा मोठा आहे. त्यांची नावे कोनशिलेवर नाहीत, म्हणून त्यांची नोंद इथे व्हायला हवी.

जामखेड आणि गडचिरोलीचा दाखला

गावच्या बाईला ज्ञान दिले तर काय घडते याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी मराठवाड्याच्या सीमेला लागून असलेल्या जामखेडमध्ये ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावाने निवडलेल्या, बहुतेक निरक्षर आणि अनेकदा दलित बायकांना त्यांनी आरोग्य कार्यकर्त्या म्हणून तयार केले. या बायका गरोदरपणातली जोखीम ओळखू लागल्या, सुरक्षित बाळंतपण करू लागल्या, आणि जातीच्या उतरंडीत ज्यांच्या हातचे पाणी चालत नव्हते त्यांच्या हातून सगळ्या गावाची मुले जन्माला येऊ लागली. १९७९मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि जामखेडचा नमुना जगभर अभ्यासला गेला. गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी वसा आणि अमिर्झा या गावांतल्या बायकांची तपासणी करून १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. तपासलेल्या बायकांपैकी ९२ टक्क्यांना स्त्रीरोग किंवा जननमार्गाचा एखादा आजार होता. त्याआधी अशी तपासणी झालेल्या बायका जेमतेम ८ टक्के होत्या. पांढरे जाणे, कंबर दुखणे, पाळी बिघडणे हे सगळे अंगावर काढायचे असते, असे त्यांना शिकवले गेले होते. शासनाची नजर तोवर बाईच्या गर्भावर आणि तिच्या नसबंदीवर होती. या दोन टोकांच्या मधली बाई त्या नजरेत नव्हतीच. बाईला विचारल्याशिवाय तिचा आजारसुद्धा कळत नाही, हा त्या अभ्यासाचा सर्वांत मोठा धडा आहे.

कायदा कोणासाठी आला

कायद्याचा इतिहास या सेवेच्या इतिहासाला समांतर चालतो. १८६०च्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३१२ने गर्भपात हा गुन्हा ठरवला आणि स्वतःचा गर्भ पाडणाऱ्या बाईलाही गुन्हेगार केले. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही कलम ८८च्या रूपाने ती तरतूद कायम आहे. १८६०च्या त्या दंड संहितेला तीन वर्षे होतात न होतात तोच, १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. विधवेचा पुनर्विवाह नाही, तिच्यावर जबरदस्ती करणाऱ्याला जाब नाही आणि जन्मलेले मूल मारले तर फासाची किंवा काळ्या पाण्याची भीती, अशा कोंडीत सापडलेल्या बाईला सुरक्षितपणे आणि गुप्तपणे बाळंत होता यावे हा त्यामागचा विचार होता. शिक्षेने बालहत्या थांबत नाहीत, बाईला सुरक्षित जागा दिली तर थांबतात, हे फुले दांपत्याने कृतीने दाखवले. सक्तीच्या जागी सेवा हा धडा पुढच्या दीडशे वर्षांत वारंवार विसरला गेला.

विसाव्या शतकात हा वारसा र. धों. कर्वे यांनी पुढे नेला. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. पत्नी मालतीबाई त्या कामात बरोबर होत्या. १९२७पासून १९५३पर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले आणि अश्लीलतेच्या खटल्यांना तोंड दिले. १९३४च्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. बाबासाहेबांचा या विषयाशी संबंध त्याहून जुना आणि खोल आहे. १९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूतिलाभाच्या विधेयकावर बोलताना बाळंतपणाच्या आधी आणि नंतर कामगार बाईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, अशी भूमिका त्यांनी घेतली. १९२९मध्ये मुंबई इलाख्यात कायदा झाला. १९३८ साली स्वतंत्र मजूर पक्षातर्फे संततिनियमनाचा ठराव विधिमंडळात आला आणि फेटाळला गेला. त्या वेळी रेणापूर निजामाच्या हद्दीत होते आणि मुंबई इलाख्याचा कायदा इथल्या बाईपर्यंत पोचत नव्हता. आज याच तालुक्यातील पानगावात बाबासाहेबांच्या अस्थींना अभिवादन करायला दर वर्षी ६ डिसेंबरला हजारो लोक जमतात. त्यांच्या विचारांतला हा भाग तिथून घरोघरी जायला हवा.

१९७१चा वैद्यकीय गर्भपात कायदा १ एप्रिल १९७२पासून लागू झाला. त्याआधी शांतिलाल शहा समितीने असुरक्षित गर्भपातात बायका मरतात याची दखल घेतली होती. काड्या, मुळ्या, जहाल औषधे आणि पोटावर दाब देणे या उपायांनी झालेल्या मृत्यूंना हा कायदा उत्तर होता, आणि अनेक प्रगत म्हणवणाऱ्या देशांच्या आधी भारताने तो केला याचा अभिमान बाळगायला हरकत नाही. पण त्याची रचना लक्षात घ्यावी. हा कायदा बाईला हक्क देत नाही. दंड संहितेतल्या गुन्ह्याला अपवाद करून तो डॉक्टरला संरक्षण देतो. गर्भ राहू द्यायचा की नाही याबद्दल कायद्यात निर्णायक ठरते ते डॉक्टरांचे मत. मूळ कायद्यात गर्भनिरोधक निकामी झाल्याचे कारण फक्त विवाहित बाईला देता येत होते. २०२१च्या दुरुस्तीने ‘स्त्री किंवा तिचा जोडीदार’ असा बदल केला, एका डॉक्टरच्या मताची मर्यादा २० आठवड्यांपर्यंत आणि काही गटांसाठी दोन डॉक्टरांच्या मताने २४ आठवड्यांपर्यंत नेली. २९ सप्टेंबर २०२२च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या मुदतीचा लाभ अविवाहित बाईलाही दिला. एक तरतूद मात्र पहिल्या दिवसापासून स्पष्ट आहे: सज्ञान बाईच्या गर्भपातासाठी तिची स्वतःची संमती पुरते. नवऱ्याची सही, सासूची परवानगी, बापाचा अंगठा यांपैकी काहीही कायदा मागत नाही. तरीही सही कोणाची, हा प्रश्न आजही अनेक दवाखान्यांत नवऱ्याकडे बघून विचारला जातो. कायदा बदलून पन्नास वर्षे झाली तरी टेबलापलीकडची सवय बदललेली नाही.

नसबंदी, पिशवी आणि सक्ती

शासनाला बाईचा आणि पुरुषाचा निर्णय नको होता, आकडा हवा होता, असा एक मोठा कालखंड आहे. आणीबाणीत महाराष्ट्र विधिमंडळाने १९७६ साली सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले; राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते कायदा झाले नाही. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक नसबंद्या झाल्या, त्यांतल्या बहुतेक पुरुषांच्या. त्या सक्तीविरुद्ध लोकांत जो संताप उसळला त्यानंतर शासनाने पुरुषांचा नाद सोडला आणि सगळा भार बायकांवर टाकला. आज राज्यातील विवाहित बायकांपैकी निम्म्याच्या आसपास नसबंदीवर अवलंबून आहेत, तर पुरुष नसबंदीचे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्याही आत आहे. पुरुषाची शस्त्रक्रिया सोपी, कमी धोक्याची आणि लवकर बरी होणारी असूनही हे असे आहे. १९९६मध्ये नसबंदीच्या उद्दिष्टांची पद्धत कागदोपत्री रद्द झाली, तरी शिबिरे चालूच राहिली. २०१४ साली छत्तीसगडमधील बिलासपूर जिल्ह्यातल्या शिबिरानंतर बायकांचे मृत्यू झाले आणि २०१६ साली देविका बिस्वास खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अशी शिबिरे बंद करण्याचा आदेश दिला. दोन अपत्यांचा नियम दुसऱ्या वाटेने हेच करतो. १२ सप्टेंबर २००१नंतर तिसरे अपत्य झालेल्या व्यक्तीला महाराष्ट्रात ग्रामपंचायत, पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेची निवडणूक लढवता येत नाही. तिसरे मूल व्हावे की नाही हे जिच्या हातात नाही, अशा सुनेलाही सदस्यपदाला मुकावे लागते.

सक्ती नेहमी सरकारी शिक्क्यानिशी येते असे नाही. गरिबीच्या रूपातही ती येते. शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोड कामगार बायकांची गर्भपिशवी काढल्याचे प्रकार २०१९मध्ये उघडकीस आले. तीन वर्षांत जिल्ह्यातल्या खासगी रुग्णालयांत ४,६०५ गर्भाशय शस्त्रक्रिया झाल्याची माहिती त्या वर्षी विधिमंडळात देण्यात आली आणि चौकशीसाठी नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून घेतलेली उचल, एक दिवस बुडला तर खाडा, फडात ना संडास ना पाण्याची सोय, अशा जगण्यात पाळी हा अडथळा होतो आणि पांढरे जाण्यावर साधा औषधोपचार करायला वेळ नसतो. मग कुणीतरी कर्करोगाची भीती घालते आणि तिशीतली बाई पिशवी काढून पुन्हा फडात उभी राहते. रेणा सहकारी साखर कारखाना असलेल्या आपल्या तालुक्याला हे दूरचे वाटता कामा नये. तोडीच्या टोळ्या इथल्या फडांतही असतात. १९६१चा प्रसूतिलाभ कायदा २०१७मध्ये सुधारून रजा २६ आठवडे झाली, पण मुकादमामार्फत तोंडी कराराने राबणाऱ्या या बाईला तिची मालक कंपनी कोण हेच सांगता येत नाही, मग रजा कोणाकडे मागायची? प्रत्येक अर्जावर तिची सही असेल. ती संमती आहे असे कोण म्हणेल? पर्याय समोर नसताना दिलेल्या होकाराला संमतीचे मोल देता येत नाही.

आक्षेप आणि उत्तरे

पहिला आक्षेप गंभीर आहे. जननी सुरक्षा योजना २००५मध्ये आली, गावातल्याच आरोग्य कार्यकर्त्या म्हणून आशाताई आल्या, २०११मध्ये सरकारी रुग्णालयातले बाळंतपण, सिझर, रक्त आणि वाहतूक मोफत झाली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील संस्थात्मक प्रसूती २००५-०६मध्ये ६४.६ टक्के होत्या, त्या २०१९-२१मध्ये ९४.७ टक्के झाल्या. राज्यातील मातामृत्यूचे प्रमाण २००४-०६मध्ये दर लाख जिवंत जन्मांमागे १३० होते, ते २०१८-२०मध्ये ३३वर आले. हे सगळे बाईचा होकार मोजत बसल्याने झाले का, असे कोणी विचारील. हे यश खरे आहे आणि त्याला कमी लेखणे हा परिचारिका आणि आशाताईंवर अन्याय होईल. पण ते कसे मिळाले ते पाहा. बाई दवाखान्यात आली, कारण ओळखीची आशाताई तिच्यासोबत होती, गाडी फुकट होती आणि पैसे मागितले जाणार नाहीत असा भरवसा होता. हा विश्वास तिच्या निर्णयातून आला, सक्तीतून नाही. जिथे तिला ओरडा बसतो, न विचारता गर्भनिरोधक तांबी बसवली जाते, सोबतीच्या बाईला बाहेर काढले जाते, तिथे पुढच्या वेळी ती उशिरा येते, आणि प्रसूतीत उशीर हाच जीव घेतो. म्हणूनच केंद्र सरकारने २०१६मध्ये सरकारी रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी सोबतीण ठेवायला मान्यता दिली आणि प्रसूतिकक्षांच्या दर्जासाठीच्या २०१७च्या लक्ष्य कार्यक्रमात सन्मानाने वागणूक हा दर्जाचाच एक निकष केला. शिवाय दुसऱ्या टोकाला धोका वाढतो आहे. राज्यातील सिझरचे प्रमाण २०१९-२१मध्ये २५ टक्क्यांवर गेले. जी माहिती घेऊन प्रश्न विचारू शकते तीच बाई अनावश्यक कापाकापीला अडवू शकते.

दुसरा आक्षेप गर्भलिंगनिदानाचा. निर्णय बाईचा म्हणायचे आणि मुलगी नको या निर्णयाला मात्र गुन्हा म्हणायचे, हा विरोधाभास नाही का? महाराष्ट्राने १९८८मध्ये देशातला पहिला गर्भलिंगनिदानविरोधी कायदा केला. १९९४मध्ये केंद्राचा कायदा आला. तो नीट राबवला जावा म्हणून सेहत आणि मासूम या महाराष्ट्रातल्या संस्थांनी डॉ. साबू जॉर्ज यांच्यासह २०००मध्ये सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. स्त्रियांच्या चळवळीनेच हा कायदा मागितला, कारण मुलगी नको हा निर्णय बहुतेक वेळा बाईचा नसतो. तो तिच्यावर लादलेला असतो. २०११च्या जनगणनेत राज्यात दर हजार मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या आणि शेजारच्या बीड जिल्ह्यात अवघ्या ८०७. २०१२मध्ये परळीत बेकायदा गर्भपातात एका बाईचा मृत्यू झाला. लिंग तपासणारे यंत्र आणि ती तपासणी विकणारा डॉक्टर यांना रोखणे म्हणजे बाईचा हक्क काढून घेणे नव्हे. चूक झाली ती अंमलबजावणीत. लिंगनिदानाविरुद्धच्या मोहिमेत गर्भपातच गुन्हा असल्याचे फलक लागले, औषध दुकानांवर छापे पडले आणि २०१२नंतर अनेक दुकानदारांनी गर्भपाताच्या गोळ्या ठेवणेच बंद केले. आठ आठवड्यांच्या गर्भाचे लिंग सोनोग्राफीत ओळखता येत नाही, तरी त्या गोळ्यांवर पाळत बसली. ज्या बाईला गोळी मिळाली असती ती भोंदूकडे गेली. लिंगनिदान थांबवणे आणि सुरक्षित गर्भपात उपलब्ध ठेवणे ही दोन्ही कामे एकाच वेळी करता येतात, आणि केलीच पाहिजेत.

तिसरा आक्षेप असा की खेड्यात निर्णय घराचा असतो, एकट्या बाईचा आग्रह म्हणजे शहरी कल्पना. कुटुंबाचा आधार बाळंतिणीला लागतोच. माहेरी पहिले बाळंतपण करण्याची आपली रीत त्याच आधारासाठी आहे. आधार देणे वेगळे आणि सही करणे वेगळे. सर्वोच्च न्यायालयाने २००९मध्ये सुचिता श्रीवास्तव खटल्यात प्रजननाचा निर्णय हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग मानला. मुंबई उच्च न्यायालयाने २०१६मध्ये तुरुंगातल्या गरोदर बाईच्या प्रश्नाची स्वतःहून दखल घेत गर्भ ठेवण्याचा किंवा न ठेवण्याचा निर्णय बाईचाच आहे असे बजावले. कोठडीतल्या बाईला जो हक्क आहे तो वाड्यातल्या सुनेला नाही, असे म्हणता येणार नाही. मराठवाड्यात बालविवाह अजून मोठ्या प्रमाणावर होतात. अठराच्या आतली पोटुशी मुलगी दवाखान्यात आली की पोक्सो कायद्यानुसार डॉक्टरला पोलिसांना कळवावे लागते, आणि त्या भीतीने घरचे तिला लपवतात. २०२२च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की अशा मुलीची व तिच्या पालकांची इच्छा असेल तर गर्भपातासाठी आलेल्या मुलीची ओळख पोलिसांना न देता डॉक्टर कळवण्याचे कर्तव्य पार पाडू शकतो. हे प्रत्येक आरोग्य केंद्राला ठाऊक असले तर एखादी मुलगी घरगुती उपायाने मरणार नाही.

चौथा आक्षेप परिचारिकेबद्दलचा: तिला जास्त अधिकार दिले तर धोका वाढेल. पण अधिकाराचा निम्मा भाग आपण तिला आधीच दिला आहे. प्रसूतीत रक्तस्राव झाला तर ती औषध देते, झटके आले तर मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस देते, नाजूक बाळाला श्वास देते. पहिल्या नऊ आठवड्यांतल्या गर्भपाताच्या गोळ्या मात्र कायद्याने फक्त नोंदणीकृत डॉक्टरच देऊ शकतो, आणि तालुक्याच्या टोकाच्या गावात डॉक्टर रोज नसतो. २०१४च्या दुरुस्ती मसुद्यात प्रशिक्षित परिचारिकांना हा अधिकार देण्याचा विचार होता; २०२१च्या कायद्यात तो वगळला गेला. जागतिक आरोग्य संघटना प्रशिक्षित परिचारिका आणि प्रसाविकांकडून अशी सेवा सुरक्षित मानते. केंद्र सरकारने २०१८मध्ये प्रसाविका सेवेची मार्गदर्शक तत्त्वे काढली, अठरा महिन्यांच्या विशेष प्रशिक्षणाची योजना आखली आणि २०२३च्या राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोग कायद्याने या व्यवसायाला स्वतंत्र नाव दिले. नाव मिळाले, तसे अधिकारही मिळायला हवेत.

पुढील वाटचाल

या संस्थेचा पुढचा टप्पा कसा मोजायचा, हे आता सांगता येते. प्रसूतींची आणि मृत्यूंची संख्या मोजावी लागेलच. तिच्याबरोबर आणखी काही गोष्टी नोंदल्या पाहिजेत: गर्भपाताच्या अर्जावर सही कोणाची घेतली, तांबी किंवा नसबंदीच्या आधी इतर साधने समजावून सांगितली का, प्रसूतीच्या वेळी सोबतीण होती का, तोडणीवर जाणाऱ्या गरोदर बाईला जाण्याआधी तपासले का आणि परतल्यावर शोधले का, गर्भपिशवी काढण्याचा सल्ला मिळालेल्या बाईला शासकीय रुग्णालयात दुसरे मत मिळाले का, किती पुरुषांनी नसबंदी करून घेतली. यांतली एकही गोष्ट नव्या इमारतीवाचून अडत नाही. बीडच्या प्रकरणानंतर गर्भाशय शस्त्रक्रियेसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीची पद्धत आली. लुबाडणूक रोखायला ती उपयोगी आहे, पण परवानगी देणारा आणखी एक अधिकारी नेमून बाईला माहिती मिळत नाही. ती माहिती उपकेंद्रातच, ओळखीच्या परिचारिकेकडून, वेळ देऊन मिळायला हवी. तेव्हा ज्या जागा रिकाम्या आहेत त्या भरणे आणि आशाताईला केवळ मोबदल्यावर न राबवता कर्मचाऱ्याचा दर्जा देणे, या मागण्या बाईच्या निर्णयस्वातंत्र्याच्याच मागण्या ठरतात.

सुईणीने विश्वास दिला, परिचारिकेने ज्ञान आणले, कायद्याने अपुरा का होईना आधार दिला आणि चळवळीने तो आधार वाढवत नेला. या चौघांचे काम एकत्र आले तेव्हा बायका जगल्या. एकाचेही तुटले तेव्हा कुठे बालहत्या, कुठे शिबिरातला मृत्यू, कुठे तिशीतच काढलेली पिशवी असे परिणाम झाले. रेणापूर परिसराच्या प्रसूतिसेवेने मातामृत्यू कमी करण्याची अवघड लढाई बरीचशी जिंकली आहे. आता तिने आपल्या प्रत्येक केंद्रात एक नियम पाळावा: बाईच्या शरीराविषयी काहीही करण्याआधी बाईला समजेल अशा भाषेत सांगायचे, तिला विचारायचे आणि तिचे उत्तर मानायचे. कायदा आज एवढे तरी सांगतोच, आणि या संस्थेचा आजवरचा अनुभवही तेच सांगतो.